जुनी चिठ्ठी

नवी किडनी बसवून चार वर्षं झाली, तरी जिना चढताना मला मध्येच बसावं लागायचं. वरून नवरा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "तीनच तर मजले आहेत! किती सोंगं करशील?" दवाखान्यातला फॉर्मही तोच भरायचा, थकव्यापुढे 'नाही' लिहायचा. शेवटी एकटीच गेले. डॉक्टरीणबाईंनी औषधांची पिशवी तपासली. "ऍसिडिटीची गोळी अजून घेताय? ती सुरुवातीपुरतीच होती. फार काळ घेतली तर रक्तातलं मॅग्नेशियम घटतं, थकवा त्यामुळेही असू शकतो." जुनीच चिठ्ठी दाखवून नवरा ती आणत होता. गोळी बंद झाली, दोन महिन्यांत अंगात जीव आला. घर सोडायचं ठरवून गुपचूप कपडे भरले. आज जड सुटकेस घेऊन एका दमात खाली उतरले. तो कठड्यावरून विव्हळला, "अगं, थांब! माझी कंबर धरलीय!" मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "तीनच तर मजले आहेत! किती सोंगं करशील?"