बापूंचा फोटो

ज्यांच्यामुळं निम्म्या मराठी नटांची तोंडं महाराष्ट्राला माहीत झाली, ते दिग्दर्शक आकारामबापू सकाळी गेले. दुपारी त्यांची मुलगी संयोगिता श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला शाहूपुरीत अमरेशच्या दुकानात आली. खाली ‘शोकाकुल’ म्हणून छापायला सगळ्या नटांचे हसरे फोटो व्हॉट्सॲपवर कधीच येऊन पडले होते. बापूंचाच मिळेना.

शूटिंगच्या प्रत्येक फोटोत बापू पाठमोरे. घरच्या फोटोंत ते नाहीतच, कारण काढणारे तेच. आधार कार्डावरचा मोठा केला, तर नुसते ठिपके दिसले.

"एवढ्या हिरोंपैकी कुणीतरी बापूंसंगं सेल्फी काढला असंल की," अमरेश म्हणाला.

"त्याला घरी यावं लागतंय, दादा."

शेवटी एका जुन्या सिनेमातला फोटो सापडला. प्रेताचं काम करणारा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता, म्हणून बापू स्वतःच तिरडीवर झोपले होते. चेहरा मात्र अगदी स्पष्ट आला होता.

अमरेशनं तो स्क्रीनवर मोठा करून बघितला.



"ह्योच टाकू, ताई. हार आधीच घातलेला हाय."