पाचवं घर

धाकट्या बहिणीने, केरिनने, ब्रिस्बेनमध्ये पाचवं घर घेतलं आणि लिॲनच्या पोटात दुखायला लागलं. केरिन बँकेला नुसतं व्याज भरायची, तेही भाडेकरूंच्या पैशातून. लिॲन मात्र आयुष्यभर एकाच घराचं मुद्दल फेडत आली होती.

रविवारी केरिन जेवायला आली.

"आता तरी स्वतःच्या घरात राहायला जा की," लिॲनने टोमणा मारला.

"मग व्याज कोण भरणार? आम्ही भाड्याच्याच घरात बरे. तेही मालक विकतोय, पुन्हा हलायचंय."

बोलता बोलता केरिन दाराच्या चौकटीपाशी थबकली. तिथे लिॲनच्या मुलांची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीने नोंदलेली होती.

"आमच्या ईडनच्या खुणा प्रत्येक घर सोडताना आम्हीच रंग मारून झाकून टाकल्या," ती म्हणाली.