एक लांब, एक आखूड

‘‘पूल उचल गं, आलोय मी,’’ वायरलेसवर आवाज आला.

तिनं खटक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. ‘मी’ म्हणजे कोण, हे तिला सांगायची गरज नव्हती. हा आवाज तिनं हजार आवाजांत ओळखला असता.

काळ्या पाण्यावरून क्रूझ येत होती. सात मजले, सगळे लखलखीत. बंदराच्या पायलटची आज शेवटची फेरी होती. चौतीस वर्षं त्यानं परक्यांची जहाजं या बंदरातून आत-बाहेर नेली होती, म्हणून कंपनीनं त्याची बायको, मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना जहाजावर जेवायला बोलावलं होतं. उद्यापासून स्वारी हारतुरे घेऊन घरी बसणार. आणि तिला, पाच वर्षं वंगण घालण्यात आणि रस्त्याची फाटकं लावण्यात गेल्यावर, पुलाचा खटका हातात मिळून एकवीसच दिवस झाले होते. या एकवीस दिवसांत तो रात्रीचा आज पहिल्यांदाच आला होता. म्हणजे जन्मात ही एकच रात्र. ती सोडून द्यायला ती काही साधुसंत नव्हती.

‘‘भोंगा द्या, पायलटसाहेब,’’ ती म्हणाली. ‘‘एक लांब, एक आखूड. त्याशिवाय पूल उचलायचा नाही, असा नियम आहे.’’

पलीकडे तो हसला. ‘‘अगं, मला नियम शिकवतेस?’’

नऊ वर्षांपूर्वी याच खुर्चीत तिचे बाबा बसायचे. एका धुक्याच्या रात्री जहाज खाली असलेल्या पुलावर थेट येऊन आदळलं. एका खलाशाचा पाय गेला. बाबा चौकशीत म्हणाले, वायरलेसवर कुणी बोललं नाही, भोंगाही आलाच नाही. हाच पायलट शपथेवर म्हणाला, भोंगा दोनदा दिला, पूलवाला झोपला असणार. एकाचा पांढरा कडक गणवेश, दुसऱ्याच्या नखांत वंगण. साहेबलोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा तो ठेवला. बाबांची नोकरी गेली, आणि लोकांनी त्यांचं नाव कुंभकर्ण पाडलं. कोपऱ्यावरचा दुकानदार तर त्यांना पाहिलं की मुद्दाम मोठ्ठी जांभई द्यायचा. मेल्याचे दात पाडून हातात द्यावेत असं तिला वाटायचं.

तेव्हापासून बाबांनी रात्री दिवा मालवला नाही. पलीकडच्या काठावर चौथ्या मजल्याच्या खिडकीत, सगळ्यांना दिसतील असे, ते रात्रभर खुर्चीत ताठ बसायचे. डोळ्यांवर झोप फारच आली, तर दिवसा न्हाणीघरात कडी लावून चोरासारखी डुलकी काढायचे. ‘‘बाबा, झोपा हो आता,’’ म्हटलं की म्हणायचे, ‘‘मी झोपत नसतो.’’

खरं बोला म्हणून ती एकदा पायलटच्या दारात हात जोडून उभी राहिली होती. त्यानं तिच्या गालावर टपली मारली होती. ‘‘झोप कुणाला येत नाही, पोरी?’’ तो गाल अजून जळत होता.

तेव्हा पुलाच्या केबिनमधलं बोलणं टिपून ठेवायची सोय नव्हती. चौकशीनंतर भिंतीवर यंत्र बसवलं. वायरलेसवर कुणीही बोललं की त्याचा लाल दिवा लागायचा.

‘‘उचल पूल!’’ आता आवाजात हसू नव्हतं.

‘‘भोंगा द्या.’’

‘‘खाली केबिनमध्ये माणसं झोपलीत. झोपमोड झाली की कंपनी माझ्या नावानं शंख करते.’’

‘‘भोंगा द्या, साहेब.’’

जहाज पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्या बोयाच्या पलीकडेच होतं, पुलापासून अजून लांब. तिथून ते वेळेत थांबतं, हे तिनं पाच वर्षं डोळ्यांनी मोजून ठेवलं होतं. आत बसलेल्या माणसांचं तिला काही वाकडं करायचं नव्हतं. तिला त्यातला एकच हवा होता.

जहाजाचे पंखे उलटे फिरले. अख्खं जहाज थरथरलं, मागचं पाणी फेसाळलं. वरच्या काचेच्या हॉलमध्ये माणसं टेबलं धरून उभी राहिली. बघू देत सुना, बघू देत नातवंडं! तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच जराशी भीती वाटली.

‘‘डोकं फिरलंय का तुझं?’’ वायरलेस फुटेल असा तो ओरडला. ‘‘चौतीस वर्षांत या पुलाला मी रात्रीचा भोंगा दिलेला नाही! एकदाही नाही! जा, विचार तुझ्या बापाला!’’

लाल दिवा लागलेला होता.

मग तिनं एकेक शब्द सावकाश उच्चारला. ‘‘नऊ वर्षांपूर्वीच्या त्या धुक्याच्या रात्रीही नाही, असंच ना साहेब?’’

लाल दिवा विझला. जहाज पाण्यात जागच्या जागी उभं राहिलं.

‘‘पूल अजून खालीच आहे,’’ ती म्हणाली.

मग भोंगा वाजला. एक लांब, एक आखूड. केबिनच्या काचा हादरल्या, दोन्ही काठांवर कुत्री भुंकायला लागली, घराघरांत दिवे लागले. तिनं खटका ओढला. पूल वर गेला, आणि पांढरं जहाज त्याच्याखालून मुकाट्यानं निघून गेलं.

तिनं घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

‘‘एक लांब, एक आखूड,’’ बाबा म्हणाले. आणि लगेच, सवयीनं, ‘‘मी जागाच होतो.’’

‘‘माहीत आहे, बाबा. आता सगळ्यांना कळेल.’’ तिनं पायलटचं ते वाक्य त्यांना शब्द न् शब्द सांगितलं. यंत्राचंही सांगितलं.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. भोंग्यानं उठलेल्या घरांचे दिवे काठाकाठानं अजून जळत होते, आणि त्या सगळ्यांत चौथ्या मजल्यावरचा एक दिवा तेवढा मालवला.