चाळीस हजार वाटा

संपादकांनी पाहुण्यांसमोर ऐटीत संगणकावर स्वतःचं नाव शोधायला टाकलं. भलती हौस, दुसरं काय! पुरस्कार, भाषणं, मुलाखती सगळं खाली घसरलं होतं. सर्वांत वर एक जुनंच पान आलं : 'दिलगिरी. त्या दुकानातल्या औषधांत भेसळ नव्हती. चूक आमची.' खाली संपादकांचं ठळक नाव. पाहुण्यांनी घाईघाईने चहाच्या कपात तोंड घातलं.

ते गेल्यावर वेबसाइटवालीला बोलावणं गेलं. तिला कामाला लागून जेमतेम चार महिने झाले होते.

"हे पान वर आलंच कसं?"

"सर, शोधणाऱ्या यंत्राला माणसाची लायकी कळत नाही. कुठल्या पानाकडे किती वाटा, म्हणजे दुवे, येतात, ते बघतं. तेव्हा छापलेल्या भेसळीच्या बातमीकडे आपल्याच शेकडो पानांवरून वाटा होत्या. दिलगिरीकडे एकही नव्हती. छापलीत आणि अडगळीत टाकलीत."

"मग?"

"साइट नव्याने बांधताना प्रत्येक पानाच्या तळाशी 'आमची चूक' असा दुवा दिला. चाळीस हजार पानं आहेत आपली."

"कोणाला विचारून?"

"आराखड्यावर तुमचीच सही आहे."

सही त्यांनी पहिलं पान बघून ठोकली होती. तिथे त्यांचा फोटो मोठा होता, तेवढ्याने भागलं होतं. तिला आतून गार वाटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"आत्ताच्या आत्ता काढ ते!"

"काढते की. पण चुका उघड मान्य करणारे आपणच एकटे, असं पेपरच्या मालकीणबाई कालच्या सभेत म्हणाल्या. टाळ्या पडल्या. त्यांना काय सांगू?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. संपादक मटकन खुर्चीत बसले.

"त्या औषधवाल्याचा एवढा पुळका का गं तुला?"

"बाबा आहेत माझे. दुकान गेलं. शेजारीण अजून त्यांच्या हातची खोकल्याची गोळी घेत नाही. त्यांचं नाव शोधलं की भेसळच वर यायची ना."

संपादकांचा आवाज खाली आला.

"जिरली माझी. झालं समाधान? किती दिवस ठेवणार आहेस हे?"

ती दाराशी थांबली.

"भेसळ वर होती तितके. अकरा वर्षं."