निळी नळी

नळी परत निळी झाली.

सोमेशनं पाणी तपासायची ती काचेची नळी ट्यूबलाइटखाली धरली, दारात उन्हात धरली, त्याचा दोस्त मुजम्मिलच्या पांढऱ्या शर्टासमोर धरली. निळीच. निळी म्हणजे पाण्यात फॉस्फेट. आणि फॉस्फेट म्हणजे, मुजम्मिलच्या भाषेत, शेवाळाला फुकटची बिर्याणी.

तामलवाडीत, सोमेशच्या वडिलांच्या, अप्पांच्या, पाइप-नळाच्या दुकानात, खाऱ्या पाण्याची टाकी! वर चार समुद्री मासे, आधी पाच होते. खाली दुसरी छोटी टाकी, तिच्यात मुद्दाम वाढवलेलं चांगलं शेवाळ. वरची घाण त्यानं खायची, साफ झालेलं पाणी पंपानं परत वर. सगळं जोडकाम सोमेशनं दुकानातल्याच पाइपांनी केलेलं. झ्याक चाललं होतं. मग पाचवा, पट्ट्यांचा मासा मेला, आणि थोड्याच दिवसांत खालच्या टाकीत केसाळ शेवाळ घुसलं. चांगल्या शेवाळाला पार गुंडाळून बसलं. सोमेश ब्रशनं घासायचा, बोटांनी उपटायचा. दोन दिवसांत परत हिरवंगार. बोअरचं पाणी बंद करून फिल्टरचं चालू केलं. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पुण्याहून गोगलगायी मागवल्या. दोन महिने झाले, ढिम्म फरक नाही.

आणि अमावास्या अठरा दिवसांवर. त्याचे अप्पा, बंडप्पा, एकदाच बोलले होते, पण ते बोलले की विषय संपला. अमावास्येपर्यंत हे हिरवं गेलं नाही, तर टाकी हायवेवरच्या हॉटेलवाल्याला.

अप्पांना टाकी डोळ्यांसमोर नको, हे सोमेशला पक्कं ठाऊक. शाकाहारी घर. माशांचं गोठवलेलं खाणं त्यांनी फ्रीजमध्ये ठेवू दिलं नव्हतं. ते मुजम्मिलच्या घरी राहायचं आणि रोज डब्यातून यायचं. टाकीसमोरून जाताना अप्पा मान फिरवून जायचे.

शेवटी मुजम्मिलनं डोकं चालवलं. नळी फक्त संध्याकाळी कशाला, सकाळीबी तपास की. तपासली. सकाळी सहाला फिक्की, संध्याकाळी परत गडद. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. खालच्या टाकीचा दिवा रात्रभर चालू असतो, शेवाळ रात्रभर खाऊन पाणी साफ करतं. म्हणजे नवा माल दिवसा पडतो. दिवसा सोमेश सोलापूरला कॉलेजात. दुकानात कोण? एकटे अप्पा.

"सोम्या, तुझे अप्पाच काहीतरी टाकायलेत बे," मुजम्मिल हळूच म्हणाला.

सोमेशचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन घरातून निघाला, सातची एसटी सोडून दिली आणि मागच्या दारानं दुकानात शिरला. सहा इंची पाइपांच्या चळतीमागं उकिडवा बसला. आज भांडायचंच. वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

अप्पा आले. आंघोळ झालेली, कपाळाला ताजी विभूती. शटर वर केलं, उदबत्ती लावली. मग रस्त्याकडं बघितलं, डावीकडं, उजवीकडं, आणि सरळ टाकीपाशी. गुडघा धरत खाली बसले, खालच्या टाकीचं झाकण उचललं, खिशातून डबी काढली आणि राखाडी चिमूट पाण्यात सोडली.

सोमेश दोन पाइप पाडतच उठला. "अप्पा, काय टाकलं?"

अप्पा दचकले. डबी मुठीत लपवली.

"विभूती हाय."

"पाण्यात? कशाला?"

"घरात सगळ्यांच्या कपाळाला लावतो का न्हाय? त्यांना कपाळ कुठंय." मग टाकीकडं न बघता म्हणाले, "ते पट्ट्याचं मेलं, तवापासनं. खालनं पाणी वर जातंय, चौघांनाबी पोचतंय. परत एखादं मेलं तर मला बघवायचं न्हाय. म्हणून देऊन टाक म्हणलं."

सोमेशनं पडलेले दोन्ही पाइप उचलून चळतीवर ठेवले.

सोमेशनं नळीत साधं फिल्टरचं पाणी घेतलं, डबीतली चिमूट टाकली, वर औषधाचे थेंब. पाच मिनिटं बाप-लेक नळीकडं बघत उभे. निळी! दोन महिन्यांत इतकी निळी कधी झाली नव्हती. शेणाची राख. शेतात टाकली की पीक कसं उठतं, हे अप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी नळी सोमेशच्या हातातून घेतली, उजेडात धरली, परत दिली. डबीचं झाकण घट्ट लावलं आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

अमावास्येच्या सकाळी नळी पाण्यासारखी निघाली. मुजम्मिल दुकानातच नाचला आणि नळांचं एक खोकं पाडलं. केसाळ शेवाळ पिवळं पडून सुटत आलं होतं. शेवटचा झुबका सोमेशनं दोन बोटांनी उचलला. तेवढ्यात हॉटेलवाला टेम्पो घेऊन हजर. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि रिकामाच परत लावून दिला.

सोमेश काच पुसायला फडकं घेऊन वळला. वरच्या काचेवर, बाहेरून, विभूतीची तीन बोटं ओढलेली. एका जागी नाही, चार जागी. त्यानं मासे मोजले. चारच.

मग तो खाली वाकला. पाचवी तीन बोटं खालच्या टाकीवर होती, चांगल्या शेवाळाच्या बरोब्बर समोर.