कापसाच्या घरचा माणूस

"तुमाले पटनार नाही, कोनालेच पटत नाही," चंद्रभान म्हणाला, "पन भातकुलीले आमचा पह्यला कार्यक्रम झाला, तवा माह्या ड्रमनं बाजूच्या वावरातली कपाशी फुटली. गाणं सुरू झालं तवा हिरवी बोंडं, संपलं तवा वावर पांढरंफक. बाया ओट्या बांधून वेचाले आल्या."

खोलीतले हसले. हसायला काहीतरी हवंच होतं. अमरावतीच्या 'काळी माती' या मेटल बँडला पंचवीस वर्षं झाली होती, त्याचा कार्यक्रम अकोल्यात, आणि तो सुरू व्हायला एका चहाचाच अवकाश होता. भिंतीपलीकडे लोक पाय आपटत होते. चंद्रभानला ते तळव्यांतून कळत होतं.

स्टेजवर चढण्याआधी कानात कापूस घालायचा, ही काळी मातीची रीत. बोंडं चंद्रभानच्या वावरातली आणि वाटणाराही तोच. त्याने गायक गजेंद्रला कापूस दिला. दर्यापूरच्या लग्नाच्या बँडमधून पाहुणे म्हणून आलेल्या गुलाम नबींना दिला. शेवटच्या गाण्यात गुलाम नबींची क्लॅरिनेट एकटीच वाजायची, आणि ती थांबली की चंद्रभानचा ठोका पडायचा. सकाळच्या तालमीत क्लॅरिनेट वाजत असतानाच ठोका पडला. दोनदा.

दुपारी अमरावतीहून आणखी एक पाहुणा आला, नितेश. त्याने काय वाजवायचं ते कोणीच सांगितलं नव्हतं. तो कोपऱ्यात बसला होता, मांडीवर ड्रमच्या काड्या ठेवून. चंद्रभानने त्यालाही कापूस दिला. देताना तोंडाकडे पाहिलं नाही, काड्यांकडे पाहिलं.

तेव्हापासून तो बोलत होता. बोलत्या माणसाला कोणी काही विचारत नाही. गजेंद्रचे ओठ हलायला लागले की चंद्रभान पुढची गोष्ट काढायचा. रिद्धपूरच्या रस्त्यावर जीप बंद पडली, तर बॉनेटवर ड्रम वाजवून त्याने ती सुरू केली होती. ड्रायव्हर अजून पाया पडतो.

शेवटी गजेंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चंदूभाऊ, आज ते शेवटचं गाणं..."

"तू तुहा कापूस नीट बसव," चंद्रभान म्हणाला. "माह्या कानाची काळजी नोको करू. पंचवीस वर्सांत म्या कानात कापूस घातला नाही. कापसाच्या घरचा मानूस कानात कापूस घालते काय? अन तरी, पटनार नाही तुमाले, बांधावर उभा राह्यलो तं बोंड फुटल्याचा आवाज ऐकू येते मले."

हे सांगता सांगता तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. गुलाम नबी त्याच्या पाठीमागेच उभे होते. त्यांच्या मनात काही नव्हतं. स्टेजवर जायच्या आधी वाजवणारा माणूस करतो तेच त्यांनी केलं. क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि पूर्ण जोरानं फुंकली.

खोली एवढीशी. सूर असा चिरकला की कानात कापूस असूनही गजेंद्र दचकला, त्याच्या कपातला चहा सांडला. नितेशच्या मांडीवरची काडी खाली पडली.

"टिचकन वाजते," चंद्रभान सांगत होता. त्याची नाडीची गाठ अजून व्हायची होती. "उडदाची शेंग तडकल्यावानी."

हसणारे चेहरे बघायला त्याने मान वर केली. हसत कोणीच नव्हतं. गजेंद्रच्या सदऱ्यावर चहा होता. काडी फरशीवरून लोळत चंद्रभानच्या बुटापाशी आली. ती का पडली असेल, हे त्याला कळेना. मग त्याने मागे वळून पाहिलं. गुलाम नबींचे गाल अजून फुगलेले होते.

चंद्रभानचे दोन्ही हात कानांकडे गेले.

"कापूस हाये ना कानात," तो म्हणाला. फार मोठ्यानं म्हणाला.

गजेंद्रने नितेशकडे पाहिलं. नितेश काडी उचलायला उठला नाही.

गुलाम नबी फिरून चंद्रभानच्या समोर आले, उकिडवे बसले, तोंडासमोर तोंड आणलं आणि एकेक शब्द ओठांवर सावकाश ठेवत म्हणाले, "भाऊ, आत्ताच तं सांगून राह्यले होते तुमी. कदीच घातला नाही म्हून."