पुढच्या दातांतली फट

“हा फार देखणा झालाय,” स्तामेनकाका म्हणाले आणि त्यांनी बाहुल्याचं डोकं टेबलावर परत ठेवलं. “तो देखणा नव्हता. हसरा होता.”

रुम्यानाने ते डोकं उचलून उजेडात धरलं. आठ दिवस खपून केलं होतं. नाक सरळ, गाल गुळगुळीत, ओठ मिटलेले. मग तिने ते पाण्याच्या बादलीत सोडलं. माती हळूहळू विरघळायला लागली.

“राग आला?”

“छे. तीस वर्षं दातांच्या कवळ्या केल्यात, काका. कवळी बसली नाही की गिऱ्हाईक थेट अंगावर फेकायचं. तुम्ही निदान टेबलावर ठेवलंत.”

गाब्रोवो गावातल्या ज्या दातांच्या दवाखान्यात ती कवळ्या करायची, तो बंद झाला तेव्हा रुम्याना सत्तावन्न वर्षांची होती. हातांना स्वस्थ बसवेना, म्हणून तिने बाहुल्या करायला घेतल्या. मातीचं डोकं, कापडाचं अंग, लोकरीचे केस. बाजारात त्या खपायच्याही. पण तिची बहीण दोन्का एकदा फळीवरच्या रांगेकडे बघून म्हणाली होती, “तुझ्या सगळ्या बाहुल्या एकाच घरातल्या सुना वाटतात गं.” रुम्याना हसली होती, पण ते मनात सलत राहिलं. कारण ते खरं होतं.

मग फेब्रुवारीत स्तामेनकाका आले. वय एकोणऐंशी, सूतगिरणीतून निवृत्त. बायको नेव्हेना टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. तिची स्मृती गेली होती.

“मला ती तिथला स्वयंपाकी समजते,” काका म्हणाले. “रोज सूप घेऊन जातो. म्हणते, ठेवा तिथे, तो आला की जेवू. आणि दाराकडे बघत बसते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकात नळी घालावी लागेल.”

“कोणाची वाट बघतात त्या?”

“पंचवीस वर्षांच्या एका तरुणाची.” काकांनी मांडीवरची टोपी फिरवली. “तेवढा मला करून द्या.”

रुम्यानाला गलबलून आलं. “एखादा फोटो?”

“असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?”

तिने खणातून मापाचा चिमटा काढला. “मग जबडा मोजू द्या. माणूस म्हातारा होतो, हाड फारसं बदलत नाही.”

काका मागे सरकले. “माझ्याकडे बघू नका, रुम्यानाबाई. चोपन्न वर्षं झाली त्याला. मी सांगतो ते ऐका.”

तेव्हापासून दर गुरुवारी ते यायचे. ते सांगायचे, ती माती दाबायची. कान जरा बाहेर आलेले. भुवई एका बाजूला विरळ. डोळे राखाडी. रुम्यानाने काकांच्या तपकिरी डोळ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं.

“राखाडी,” काका ठामपणे म्हणाले.

दोन्काला हे कळल्यावर ती खुदकन हसली. “म्हातारपणी प्रत्येकाला वाटतं, आपले डोळे घारे होते. कर बाई, करून टाक.”

पहिलं डोकं बादलीत गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्या वेळी काका दारातून निघता निघता म्हणाले, “पुढच्या दोन दातांत फट होती. तिच्यातून शीळ घालायचा. अख्ख्या गिरणीत ऐकू जायची.”

 दवाखाना बंद झाला तेव्हा रुम्यानाने स्वतःला बजावलं होतं, आता आयुष्यात एकही दात करायचा नाही. म्हणून तिच्या सगळ्या बाहुल्यांचे ओठ मिटलेले असायचे. म्हणून त्या सगळ्या सुना एकाच घरातल्या.

तिने जुना डबा उघडला. कोरणी, ब्रश, उरलेली पांढरी पूड. तांदळाच्या कणीएवढे दात घडवले, मधे फट ठेवली. ओठ उघडले तसा एक कोपरा आपोआप वर गेला, आणि गालावर एक सुरकुती पडणार हे तिच्या बोटांना तिच्याआधी कळलं. तिने ती एका झटक्यात ओढली. मग हात पुसले. बरं झालंय का, हे या वेळी कोणाला विचारायची तिला गरज वाटली नाही. एवढी वर्षं ती लोकांच्या तोंडात बसेल असं काहीतरी करत आली होती. आज पहिल्यांदा तिच्या हातून कोणीतरी जन्माला आलं होतं.

गुरुवारी काकांनी बाहुला पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. रंगवलेला, कपडे घातलेला तो खुर्चीवर बसला होता. काका उभेच राहिले.

“हाच,” ते म्हणाले. “पण ही गालावरची सुरकुती मी सांगितली नव्हती.”

“नव्हती. ती माझी. असा माणूस हसला की ती पडणारच.”

“पडायची,” काका म्हणाले.

दुपारी दोघं टेकडीवर गेली. नेव्हेना पलंगावर बसली होती, हाडांची मोळी झालेली. काकांनी सूप टेबलावर ठेवलं आणि बाहुला तिच्या मांडीवर दिला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. बोट त्याच्या ओठांवरून फिरवलं, दातांवर थांबवलं. मग तिचा चेहरा लाजऱ्या मुलीसारखा उजळला.

“किती वाट बघायला लावलीस,” ती म्हणाली. “चल, जेवून घेऊ.”

तिने बाहुल्याला शेजारी बसवलं, चमचा हातात घेतला आणि सूप प्यायला लागली. एक घोट, मग दुसरा.

रुम्यानाचे डोळे भरून आले. ती काकांच्या कानाशी वाकली. “ओळखलं हो काका, काकूंनी तुम्हाला.”

“मला नाही,” सुपात पाव कुस्करत काका शांतपणे म्हणाले. “झाहारीला. माझ्याआधी तिचं ज्याच्याशी ठरलं होतं, तो.”